प्रकल्पातील कुटुंबांचे उत्पन्न किती वाढले, हे कसे मोजावे

ग्रामीण विकासाच्या प्रकल्पाचा अंतिम अहवाल उघडला की एक वाक्य हमखास सापडते: ‘सहभागी कुटुंबांच्या वार्षिक उत्पन्नात अमुक टक्के वाढ झाली.’ या एका वाक्यात तीन वेगळी विधाने दडलेली असतात. पूर्वी उत्पन्न किती होते, आता किती आहे, आणि या दोहोंतला फरक प्रकल्पामुळे पडला आहे. पहिली दोन विधाने घरखर्चाच्या आणि शेताच्या हिशोबाची आहेत. तिसरे विधान तुलनेचे आहे आणि बहुतेक अहवाल नेमके तिथेच लंगडे पडतात. बचत गट, शेळीपालन, पाणलोट किंवा शेतीपूरक व्यवसाय यांवर काम करणाऱ्या संस्थांतील मूल्यमापनाची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे मुख्यतः मराठवाड्यातील आहेत.

आधी व्याख्या, मग प्रश्नावली

उत्पन्न व्यक्तीचे मोजायचे की कुटुंबाचे, हे सर्वप्रथम ठरवावे. शेळ्या गटातील बाईंच्या नावावर असल्या तरी त्यांना चारा घालणारा मुलगा, बाजारात नेणारा दीर आणि औषधाचे पैसे देणारा नवरा एकाच चुलीवर जेवतात. त्यामुळे एकट्या बाईंचे उत्पन्न वेगळे काढण्याचा प्रयत्न सहसा फसतो. एका चुलीचे कुटुंब हे एकक धरावे आणि बाईंच्या हातात प्रत्यक्ष किती पैसे राहतात, हा प्रश्न स्वतंत्र विचारावा. दोन्ही माहिती महत्त्वाच्या आहेत, पण त्या एकाच रकान्यात घालू नयेत.

काळ ठरवताना जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष घेऊ नये. जुलै ते जून हे कृषी वर्ष घ्यावे, कारण त्यात एक पूर्ण खरीप आणि एक पूर्ण रब्बी बसतो. शेतकरी कुटुंबांच्या स्थितीची राष्ट्रीय नमुना पाहणी हेच वर्ष धरते. त्या पाहणीच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ या वर्षासाठी देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले; मात्र घरच्या मजुरीसारखे खिशातून न गेलेले खर्चही अंदाजे किंमत लावून वजा केले, तेव्हा तेच उत्पन्न ८,३३७ रुपयांवर आले. कुटुंबे तीच, वर्ष तेच, आणि केवळ व्याख्या बदलल्याने जवळजवळ एकोणीसशे रुपयांचा फरक पडला. कोणती व्याख्या अधिक योग्य यावर वाद घालता येतो. माझ्या मते छोट्या प्रकल्पांसाठी केवळ प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करणे पुरेसे आहे. परंतु सुरुवातीच्या पाहणीत एक आणि शेवटच्या पाहणीत दुसरी व्याख्या वापरली गेली, तर प्रकल्पाने काहीही केले नसतानाही उत्पन्न ‘वाढते’ किंवा ‘घटते’.

त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट प्रश्नावली बनवताना डोळ्यांसमोर ठेवावी. शेतकरी कुटुंबाच्या त्या १०,२१८ रुपयांपैकी ४,०६३ रुपये मजुरी आणि पगारातून आले होते, पिकांतून ३,७९८ आणि जनावरांतून १,५८२. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्याही घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा अधिक येतो. जो प्रकल्प ज्या व्यवसायावर काम करतो, त्याच व्यवसायाचे उत्पन्न विचारणारी प्रश्नावली म्हणूनच निरुपयोगी ठरते.

उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे

‘वर्षाला किती मिळतं?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. त्याचे उत्तर ‘भागतंय तेवढंच’ असे येते, किंवा मग विक्रीचा आकडा येतो. पापड, मसाला किंवा शिलाईचा व्यवसाय करणाऱ्या गटाच्या सदस्या ‘दोन लाखांचा धंदा झाला’ असे अभिमानाने सांगतात आणि अहवाल लिहिणारा तो आकडा तसाच उत्पन्नाच्या रकान्यात भरतो. विक्री, खर्च, शिल्लक माल आणि घरी वापरलेला माल असे तुकडे करूनच विचारावे लागते.

शेळीपालनाचा एक नमुना हिशोब सविस्तर पाहू, कारण सर्वाधिक चुका जनावरांच्या हिशोबात होतात. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या घरी वर्षाच्या सुरुवातीला तीन उस्मानाबादी शेळ्या आणि दोन करडे आहेत. शेळीला ८,००० आणि करडाला ३,००० धरले, तर आरंभीच्या पशुधनाची किंमत ३०,००० रुपये होते. वर्षभरात बकरी ईदच्या आधी दोन बोकड प्रत्येकी १२,००० रुपयांना आणि आठवडी बाजारात दोन लहान बोकड प्रत्येकी ६,५०० रुपयांना विकले. एकूण विक्री ३७,००० रुपये. एक बोकड गावच्या जत्रेला घरीच कापला. तो बाजारात ६,००० रुपयांना गेला असता. एक करडू दगावले. चारा-पेंड, लस-औषध आणि बाजारापर्यंतचे गाडीभाडे मिळून ९,००० रुपये खर्च झाले. वर्षाच्या शेवटी दावणीला चार शेळ्या आणि तीन करडे आहेत, म्हणजे ४१,००० रुपयांचे पशुधन.

रोखीचाच हिशोब केला तर ३७,००० वजा ९,००० म्हणजे २८,००० रुपये येतात. पण घरी खाल्लेला बोकड हेही उत्पन्नच आहे आणि पशुधनात पडलेली ११,००० रुपयांची भरही उत्पन्नच आहे. ती धरल्यावर आकडा ४५,००० वर जातो. दगावलेले करडू वेगळे वजा करायचे नाही, कारण ते वर्षाच्या शेवटच्या मोजणीत नाहीच. त्याचे नुकसान तिथे आपोआप लागते. आता चौथी शेळी प्रकल्पानेच वर्षाच्या मध्यात दिलेली असेल, तर तिचे ८,००० रुपये वजा केले पाहिजेत, कारण अनुदान म्हणून दिलेली वस्तू लाभार्थ्याचे उत्पन्न म्हणून मोजणे म्हणजे आपणच दिलेला पैसा आपलेच यश म्हणून मिरवणे होय. खरे उत्पन्न ३७,००० रुपये. त्यासाठी दोन्ही वेळी जनावराचा दर तोच धरावा; नाहीतर बाजारभाव चढल्याने फुगलेली किंमत मेहनतीच्या खात्यावर जमा होते.

हिशोब इथेही संपत नाही. शेळ्या राखायला लागल्यापासून या बाई खुरपणीला जात नाहीत आणि वर्षाकाठी ६० दिवसांची, २५० रुपये रोजाची मजुरी बुडते. ती रक्कम १५,००० रुपये होते. शेळ्यांतून आलेले ३७,००० हे शेळ्यांचे उत्पन्न आहे, घराच्या उत्पन्नात पडलेली भर नव्हे. घराची सगळी मिळकत दोन्ही वेळी मोजली, तर ही घट आपोआप पकडली जाते. फक्त शेळ्यांचे विचारले, तर ती कधीच दिसत नाही. उन्हातली खुरपणी सुटली याचे त्या बाईंना मोल असेलच, आणि ते अहवालात लिहावे, पण शब्दांत लिहावे. रुपयांत मिळवू नये.

कसे विचारावे

बारा महिन्यांचा हिशोब कोणाच्याही डोक्यात नसतो. सणवार आणि हंगाम मात्र असतात. ‘पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कोणाकोणाच्या शेतावर गेलात, किती दिवस?’, ‘दिवाळी ते संक्रांत?’, ‘पाडव्यानंतर?’ असे तुकडे पाडले की आठवण ताळ्यावर येते. जमल्यास वर्षातून दोन भेटी कराव्यात, एक खरिपाची मळणी उरकल्यावर आणि दुसरी रब्बी घरात आल्यावर. पैसे कमी असतील, तर कुटुंबांची संख्या थोडी घटवून भेटी दोन ठेवणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

कागद जिथे असेल तिथे कागद पाहावा. आडत्याची पट्टी बहुतेक घरी खुंटीच्या पिशवीत किंवा देव्हाऱ्यामागे खोचलेली असते. तिच्यावर माल, वजन, भाव आणि हमाली-तोलाईची कपात सगळे असते. दूध संकलन केंद्राची दहा दिवसांची बिले असतात. गटाचे इतिवृत्त आणि कर्जाची नोंद पाहिली, तर धंद्यात टाकलेले भांडवल कुठून आले हे कळते. कर्जाची रक्कम उत्पन्नात मिसळणे ही चूक वाचताना हास्यास्पद वाटेल, पण ‘या वर्षी हातात किती पैसे आले?’ असे मोघम विचारले की ती होतेच.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत ऊसतोडीचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. मुकादमाकडून घेतलेली उचल ही मजुरीची आगाऊ रक्कम असते. ती हातात पडते हंगामाआधी आणि फेडली जाते हंगामात कोयता चालवून. ती हातात पडली त्या दिवशी उत्पन्न म्हणून लिहिली आणि पुढे तोडलेल्या टनांचा हिशोबही लिहिला, तर एकच पैसा दोनदा मोजला जातो. हंगामात जेवढी फिटली, तेवढी मजुरी. उरली ती देणी. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको मिळून असतात, तेव्हा मजुरी दोघांच्या नावे पुन्हा वेगळी लिहू नये. पाहणी डिसेंबरात ठेवली, तर ही कुटुंबे गावात नसतातच आणि नमुन्यातून नेमकी सर्वांत गरीब घरे गळतात. सावडीने केलेले काम पैशात धरण्याची गरज नाही, कारण घेतलेले आणि दिलेले दिवस साधारण फिटतात. बटाईच्या शेतात मात्र केवळ स्वतःच्या वाट्याचा माल आणि स्वतःच्या वाट्याचा खर्च लिहावा.

सुरुवातीचे वर्ष कसे होते?

राज्य शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या वर्षी पायाभूत, म्हणजे सुरुवातीची, पाहणी केलेल्या कोणत्याही प्रकल्पाला पुढच्या बऱ्या पावसाच्या वर्षी घवघवीत यश मिळाले असते, प्रकल्पाने काहीही केले नसते तरी. भावाचेही तसेच आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीनचे भाव गगनाला भिडले आणि २०२४ मध्ये अनेक बाजारांत ते क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली आले. पहिल्या वर्षाशी तुलना करून दुसऱ्या वर्षी मोजणी करणाऱ्या संस्थेचे उत्तम काम या घसरणीत अपयश म्हणून नोंदले गेले असते. म्हणून पायाभूत पाहणीत मागील दोन-तीन हंगामांचे निदान मोठे टप्पे तरी विचारून ठेवावेत, जसे पेरा किती होता, किती क्विंटल झाले आणि काय भावाने गेले.

यात आणखी एक मेख आहे. लोक प्रकल्पात येतात तेच बहुधा अडचणीच्या वर्षी. बैल मेला, नवरा आजारी पडला, विहीर आटली, म्हणून बाई गटात येते. अशी अडचण पुढच्या वर्षी थोडीफार सुटतेच. त्या सुटण्याचे श्रेय प्रकल्पाला जाऊ नये, यासाठी तुलना गट लागतो.

तुलना गट

समजा सहभागी कुटुंबांचे सरासरी उत्पन्न ७८,००० वरून १,१४,००० रुपयांवर गेले. वाढ ३६,००० रुपयांची, म्हणजे ४६ टक्के. आता त्याच तालुक्यातील, त्याच मातीच्या आणि साधारण तितक्याच ओलिताच्या पण प्रकल्प नसलेल्या गावांत तेच उत्पन्न ८१,००० वरून १,०५,००० वर गेले असेल, तर २४,००० रुपयांची वाढ पाऊस, भाव, रस्ता आणि शासकीय योजना यांच्यामुळे झाली असे समजावे. प्रकल्पाच्या वाट्याला उरतात १२,००० रुपये. अहवालात हाच आकडा पहिल्या पानावर द्यावा. ४६ टक्क्यांचा मोह आवरणे कठीण असते, हे मला मान्य आहे.

तुलना गट निवडताना त्याच गावातल्या गटाबाहेरच्या बायका घेणे सोयीचे असते, पण फसवे असते. गटात येणारी बाई मुळातच बोलकी, हिंडती-फिरती आणि घरचा थोडा आधार असलेली असते. न येणारी बहुधा तशी नसते. त्याऐवजी प्रकल्प ज्या गावांत दोन-तीन वर्षांनी जाणार आहे, तिथल्या इच्छुक कुटुंबांना तुलना गट करावे. पाणलोटाच्या कामात ओढ्याच्या खालच्या अंगाचे गाव कधीही घेऊ नये, कारण वर अडवलेल्या पाण्याचा परिणाम, बरा असो की वाईट, त्या गावाच्या विहिरींवर होतोच.

जिथे अर्जदार अधिक आणि जागा कमी आहेत, तिथे चिठ्ठ्या टाकून निवड करणे सर्वांत स्वच्छ ठरते आणि गावालाही ते न्याय्य वाटते. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत सूक्ष्म कर्जाचा अभ्यास असाच केला: १०४ वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत सोडतीने आधी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या शाखा उघडल्या गेल्या. तिथे धंद्यात गुंतवणूक वाढलेली दिसली, पण घरांचा सरासरी उपभोग ठळकपणे वाढलेला दिसला नाही. तुलना गट नसता, तर वाढलेल्या धंद्यांच्या यशकथाच छापून आल्या असत्या. भारतासह (इथे पश्चिम बंगालमध्ये) सहा देशांत अतिगरीब कुटुंबांना जनावरे, प्रशिक्षण आणि काही काळ निर्वाह भत्ता देणाऱ्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कार्यक्रम संपल्यावर एक वर्षाने पुन्हा मोजणी केली होती. ही पद्धत उचलण्याजोगी आहे, कारण भत्ता चालू असताना मोजलेली वाढ ही बऱ्याचदा भत्त्याचीच असते.

किती कुटुंबे घ्यावीत? ढोबळ सूत्र असे की, उत्पन्नाच्या प्रमाणित विचलनाला (घरांचे उत्पन्न सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहे, त्या मापाला) अपेक्षित वाढीने भागावे, त्याचा वर्ग करावा आणि १६ ने गुणावे. विचलन ६०,००० आणि अपेक्षित वाढ १२,००० असेल, तर प्रत्येक गटात ४०० कुटुंबे लागतात. एकाच गावातली घरे एकमेकांसारखी असल्याने, गावागणिक दहा घरे घेतली तर ही संख्या सहज ५५० ते ६०० वर जाते. साठ घरांच्या पाहणीवर ‘उत्पन्न १५ टक्क्यांनी वाढले’ असे लिहिणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

कोण विचारतो आणि समोरचा काय लपवतो

ज्या कार्यकर्तीने गट बांधला, तिनेच शेवटची पाहणी करू नये. ‘ताईंना वाईट वाटेल’ म्हणून बायका आकडा चढवून सांगतात. उलट अनोळखी माणूस वही घेऊन आला की आकडा उतरतो, कारण राज्यात केशरी शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा एक लाख आहे आणि लाडकी बहीण योजनेची अडीच लाख. घरातले कोणी ना कोणी ते मनात धरूनच उत्तर देते. ही माहिती तहसीलला जाणार नाही, हे आधी सांगावे आणि ते खरेही असावे. तरीही उत्पन्न कमीच सांगितले जाते असे धरून किराणा, दवाखाना, शाळा, कपडे, प्रवास आणि लग्नकार्याचा खर्च स्वतंत्रपणे विचारावा. वर्षाला ९०,००० मिळवून, कर्ज न काढता आणि काही न विकता १,४०,००० खर्च करणारे घर सापडले की सर्वेक्षकाने त्याच दिवशी परत जावे.

शासकीय मदतीला वेगळा रकाना हवा. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये होतात. २०२४ च्या आधी आणि नंतर केलेल्या मोजणीत ते मिसळले, तर छोट्या प्रकल्पाचा सगळा परिणाम त्यात बुडून जातो. केंद्राच्या आणि राज्याच्या शेतकरी सन्मान निधीचेही तसेच.

लाखाची रेघ

‘लखपती दीदी’ची मोजणी हल्ली प्रत्येक गटाला करावी लागते. शासकीय व्याख्येनुसार गटातील सदस्येच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख किंवा अधिक असावे, आणि ते किमान चार शेती हंगाम किंवा व्यवसायचक्रे टिकून महिन्याला सरासरी १०,००० च्या वर राहावे. टिकाऊपणाची अट चांगली आहे, पण रेघ ओलांडणाऱ्यांची संख्या म्हणजे उत्पन्नवाढ नव्हे. ९६,००० वरून १,०२,००० वर गेलेले घर यशात धरले जाते आणि ३५,००० वरून ८०,००० वर गेलेले घर धरले जात नाही. शिवाय २०१८-१९ मध्येच महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये होते. म्हणजे सरासरी घर तेव्हाच लाखाच्या पुढे होते. प्रकल्पात येण्याआधीच लखपती असलेल्या किती, हे विचारल्याशिवाय हा आकडा देऊ नये.

रुपयाची किंमत आणि अहवाल

२०१२-१३ च्या पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होते, ते सहा वर्षांत १०,२१८ झाले. कागदावर ही ५९ टक्के वाढ दिसते, पण तिच्यात सहा वर्षांची महागाई आहे. दोन्ही पाहण्यांचे आकडे शेवटच्या वर्षाच्या रुपयांत आणावेत. त्यासाठी श्रम ब्युरोचा शेतमजुरांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक वापरावा आणि राज्याचा वेगळा आकडा घ्यावा. मधल्या काळात निर्देशांकाचे आधारवर्ष बदलले असेल, तर जोडगुणक (जुन्या आणि नव्या मालिकेला जोडणारा आकडा) लावल्याशिवाय भागाकार करू नये.

अहवालात सरासरीबरोबर मध्यकही, म्हणजे घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराचा आकडाही, द्यावा. मुलगा पोलिसात लागलेले किंवा रस्त्यात जमीन गेलेले एखादे घर साऱ्या गावाची सरासरी वर ओढते. जमीन विकून किंवा संपादनातून आलेला पैसा उत्पन्नात धरूच नये. उत्पन्न घटलेली घरे किती आणि कोणत्या कारणाने, हे सांगावे. सुरुवातीला भेटलेल्यांपैकी किती घरे शेवटी सापडली नाहीत, ती कोणत्या थरातली होती, हेही सांगावे. धंदा बुडाल्यावर गट सोडून पुण्याला गेलेली कुटुंबे वगळली की उरलेल्यांची प्रगती आपोआप देखणी दिसते.

आकडे छापण्याआधी गटाच्या बैठकीत, कोणाचेही नाव न घेता, गावाची बेरीज वाचून दाखवावी. एका बैठकीत मी दूधधंद्याचा आकडा वाचला, तेव्हा मागे बसलेल्या आजींनी विचारले की भाकड काळातला चारा यात धरला आहे का. धरला नव्हता. आमच्या प्रश्नावलीत खर्चाचा प्रश्न ‘दुभत्या जनावरांवर’ असा होता आणि गाय आटल्यावर ती आमच्या कागदावरून नाहीशी होत होती. तो खर्च लावल्यावर त्या गावातल्या दुधाच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उडाला, आणि उरलेल्या अकरा गावांत आम्हाला पुन्हा जावे लागले.